ज्यानं केलं त्यानंच पुसायचं

बावीस वर्षं मी गाईंच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालतोय. शेण, मूत, व्यालेल्या गाईचा सडलेला जार, सगळं या हातावरून गेलंय आणि तोच हात धुऊन मी भाकरी खाल्लीय. किळस कधी वाटली नाही. एसटीत शेजारचा माणूस नाक मुरडून सरकून बसतो, त्याचंही मला काही वाटत नाही. पण आता मोबाईलवर ती हिरवी बरोबरची खूण दिसली की मला किळस येते. कुणी ‘टास्क’ म्हणालं, ‘प्रॉडक्टिव्ह’ म्हणालं, की तोंडाला आंबूस पाणी सुटतं. का, ते सांगतो.

मी फिलिप साळवे. काष्टीपासून आठ किलोमीटरवर आमचं गाव. मोटारसायकलला मागे कंटेनर बांधलेला, त्यात वळूच्या वीर्याच्या गोठवलेल्या कांड्या, आणि आसपासच्या सहा गावांतल्या गाई भरवायचं काम. लोक डाक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पदविकावाला आहे, पण बावीस वर्षांत कुणाला दुरुस्त केलं नाही, कारण ऐकायला बरं वाटतं. काम सांगायला सोपं आहे. गाय माजावर आली की वेळेत पोचायचं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. वेळ हुकली की बसा एकवीस दिवस वाट बघत. या धंद्याला हुशारी बेताचीच लागते, आठवण मात्र पक्की लागते.

आठवणीसाठी आमच्याकडे फळा होता. गावात सहादेवची दूध डेअरी आहे, म्हणजे पत्र्याची एक खोली, एक वजनकाटा आणि फॅट बघायचं मशीन. तिच्या बाहेरच्या भिंतीला शाळेतून मोडीत निघालेला एक फळा टांगलेला असायचा. दूध घालायला येणाऱ्यानं गाय माजावर असली तर खडूनं आपलं नाव लिहायचं. मी सकाळ-संध्याकाळ तिथून जायचो, नावं वाचायचो, गाई भरवायचो आणि परत येऊन ओल्या फडक्यानं ती नावं पुसायचो. नियम एकच होता आणि तो पहिल्याच वर्षी मी घातला होता. ज्यानं काम केलं त्यानंच पुसायचं. मालकानं नाही आणि सहादेवनंही नाही. एका दिवाळीला सहादेवच्या सुनेनं साफसफाईच्या भरात फळा धुऊन काढला, तर तो चार दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

हे सगळं बरं चाललं होतं. पण गेल्या श्रावणात नगरला आमच्यासारख्यांसाठी एक शिबिर झालं. पांढरे बूट घातलेला एक वक्ता पुण्याहून आला होता. गाईची शेपटी त्यानं आयुष्यात कधी धरली असेल असं वाटत नव्हतं. तो वेळेच्या नियोजनावर बोलला. मग एकेकाला उभं करून विचारायला लागला, तुमची सिस्टिम काय. कुणी डायरी म्हणालं, कुणी मोबाईल म्हणालं. मी म्हणालो, फळा. सगळा हॉल हसला. वक्ता हसला नाही, त्यानं फक्त भुवया उचलल्या, आणि तेच मला जास्त झोंबलं. जेवणाच्या सुट्टीत वाढपी बटाट्याची भाजी वाढत असताना मागून कुणीतरी हाक मारली, “ओ फळा, जरा सरका पुढं.”

त्या संध्याकाळी घरी परत येईपर्यंत मी तीन ॲप उतरवून घेतली होती.

पहिल्यात एक रोपटं होतं. कामं केली की ते वाढायचं, राहिली की सुकायचं. दोन दिवस मी गाई सोडून त्या रोपट्याचीच काळजी केली. दुसऱ्यात चार चौकोन होते, तातडीचं आणि महत्त्वाचं, तातडीचं पण महत्त्वाचं नाही, असे. माजावर आलेली प्रत्येक गाय पहिल्याच चौकोनात जाते हे कळायला मला आठवडा लागला. उरलेले तीन चौकोन रिकामे दिसतात म्हणून मी त्यांत घरची कामं भरली. माझी बायको कृपा हिच्या शिलाई मशीनला तेल द्यायचं काम मी ‘तातडीचं नाही, महत्त्वाचंही नाही’ या चौकोनात टाकलं आणि तिनं ते वाचलं. तिसऱ्यात कार्डं या रकान्यातून त्या रकान्यात सरकवायची असायची. शेणाचं बोट स्क्रीनला चालत नाही. हातमोजा काढा, हात धुवा, पुसा, मग कार्ड सरकवा. गाईचा मालक कासरा धरून उभाच.

शहाणा माणूस तिथेच थांबला असता. मी कुठला थांबतोय. चौथं बघितलं, पाचवं बघितलं. कडब्याच्या गंजीला टेकून ‘कोणतं ॲप चांगलं’ हे सांगणारे व्हिडिओ बघायला लागलो. कोणत्या ॲपमध्ये काय आहे याचा तक्ता वहीत केला. कोणतं ॲप निवडायचं हे ठरवायला जेवढा वेळ घातला तेवढ्यात एखाद्यानं शेततळं खणलं असतं. आणि लाज वाटते सांगायला, पण त्यात मजा यायची. काम करण्यापेक्षा काम कसं करायचं ते मांडून ठेवण्यात जास्त मजा यायची. प्रत्यक्षात एक गाय भरवली नसली तरी संध्याकाळी लई राबल्यासारखं वाटायचं.

शेवटी एक ठरलं. नाव सांगत नाही, उगाच आणखी चार जण उतरवून घेतील. ते निवडायला दोन कारणं होती. एक, सगळी कामं त्या दिवसात संपली की एक हिरवं वर्तुळ पूर्ण व्हायचं, आणि सलग किती दिवस पूर्ण झालं ते मोठ्या आकड्यात दिसायचं. दोन, कामापुढे खूण केली की मालकाला आपोआप मराठीत मेसेज जायचा. ‘आपले काम यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहे. धन्यवाद.’ हे मला फारच आवडलं. त्या पुण्याच्या पांढऱ्या बुटाला हे दाखवावं असं वाटलं.

मी सहादेवला सांगितलं, फळा काढ, आता नावं फोनवर घेणार. त्यानं फळा काढून दाराआड उलटा टेकवून ठेवला. म्हणाला, “काढतो. पन डाक्टर, फळ्याला चार्जिंग लागत न्हाई, एवढं ध्यानात ठिवा.” मी त्याला अडाणी समजलो.

आता छबूबाईचं. गावाच्या खालच्या अंगाला ती एकटी राहते. नवरा जाऊन दहा वर्षं झाली. एक म्हातारी गाय, तिचं दूध आटत आलेलं, आणि एक कालवड. त्या कालवडीवर छबूबाईचं सगळं ठरलेलं होतं. कालवड व्याली की दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणं बंद. गुडघे गेलेत तिचे, बांधावर बसली की उठताना दोघींना हात द्यावा लागतो. पण कालवड मुक्या माजाची होती. म्हणजे माजावर आली तरी ओरडायची नाही, उधळायची नाही, नीट डोळ्यांत तेल घालून बघितलं तरच कळायचं. मी तिला दोनदा भरवली आणि दोन्ही वेळा ती उलटली, गाभण राहिली नाही. तेव्हा छबूबाई म्हणाली होती, “आता तिसऱ्यांदा बगायचं. न्हाई राहिली तर काष्टीच्या बाजारात उभी करते. मोकळं जनावर मला पोसवत न्हाई.” न राहणारी कालवड बाजारात कोण घेतं ते तिला माहीत होतं आणि मलाही.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. म्हाताऱ्या गाईच्या आडून, कंदील धरावा तसा मोबाईलचा उजेड धरून तिनं तो माज हेरला होता. “डाक्टर, आलीया. काचंवानी सोट टाकलाय. सकाळच्याला या. मी कांदे लावायला जानार हाय, शेजारीन कासरा धरंल.” काचेसारखा चिकट स्राव म्हणजे माज पक्का. मी म्हणालो, येतो. ॲपमध्ये नाव टाकलं. बस्स, तिथेच घोळ झाला. तारीख त्याच दिवसाची पडली.

जेवायला बसलो तेव्हा वर्तुळ जवळजवळ पूर्ण होतं, एक नाव तेवढं राहिलेलं. सलग एक्केचाळीस दिवस झाले होते. आज हे राहिलं असतं तर आकडा शून्यावर आला असता. तारीख बदलता आली असती, पण ती कुठून बदलायची ते सापडेना, आणि रस्सा निवत होता. मी खूण केली. वर्तुळ हिरवं झालं, वरून रंगीत कागदाचे तुकडे पडल्यासारखं काहीतरी झालं, आणि मी बक्षीस मिळाल्यासारखा हसलो.

कृपानं विचारलं, “कुणाची गाय?”

“छबूबाईची कालवड.”

“जाऊन आलात?”

“सकाळी जायचंय. चर्चच्या आधी उरकतो.”

“मग झालं म्हणून कशाला लिहिलंत?”

मी म्हणालो, “तुला त्यातलं कळत नाही.” आणि भाकरी मोडली.

रविवारी सकाळी उठून मी मोबाईल बघितला. ‘आज कोणतेही काम नाही. विश्रांती घ्या.’ मला खरंच मोकळं वाटलं. इस्त्रीचा शर्ट घातला, कृपाला मागे बसवली, डेअरीवरून पुढे गेलो. भिंतीवर फळा असता तर छबूबाईचं नाव दिसलं असतं. तिथे आता नुसता चौकोनी डाग होता, त्या जागेचा चुना जरा कमी मळलेला. चर्चमध्ये मी मोठ्यानं गाणी म्हटली. त्या दिवशी माझ्या मनाला टोचणीसुद्धा नव्हती, आणि आज सगळ्यात जास्त किळस मला त्या माझ्या गाण्याची येते.

तीन महिने गेले. गाभण आहे का ते तपासायला छबूबाईनं बोलावलं. मी गेलो तेव्हा ती दारातच उभी होती. कालवडीचं अंग तुकतुकीत झालं होतं. तिनं तिला तीन महिने पेंड घातली होती, स्वतः चहा कोरा पिऊन. मला म्हणाली, “रानात हुते मी त्या दिशी. सांजच्याला सहादेवानं मेसेज वाचून दावला, का झालं काम. लई बरं वाटलं.” शेजारीण त्या सकाळी वाट बघून कामाला गेली होती आणि मेसेज आला म्हटल्यावर तिलाही वाटलं की डाक्टर नंतर येऊन गेला असेल. काम झाल्याचं कळल्यावर छबूबाईनंही माज बघायचं सोडलं होतं. मुक्या माजाची कालवड, ती काय सांगणार.

मी मोजा चढवला आणि हात घातला. पिशवी रिकामी. नीट चाचपलं, पुन्हा चाचपलं. काही नाही. कधी भरवली होती ते बघावं म्हणून दुसऱ्या हातानं मोबाईल काढला. तारखेपुढे लिहिलं होतं, शनिवार, सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं, पूर्ण. सात अठ्ठेचाळीसला मी रस्सा खात होतो. मला सगळं एकदम आठवलं. एक हात खांद्यापर्यंत त्या मुक्या जनावराच्या आत आणि दुसऱ्या हातात ती हिरवी खूण. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला उमासा आला, आणि तो शेणाच्या वासानं नव्हता.

छबूबाईनं माझं तोंड बघितलं. “न्हाई ना?”

“नाही राहिली,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. आमच्या धंद्यातली ती सगळ्यात जुनी पळवाट आहे. भरवली, राहिली नाही. दोष गाईचा. कोण विचारायला येतंय.

“तुमी तरी काय करनार,” ती म्हणाली. “तुमी तीनदा आला. जनावराच्याच नशिबात न्हाई. या बाजाराला घालवते तिला.” आणि कालवडीच्या पाठीवरून हात फिरवून ती पाणी आणायला आत गेली.

आमच्याकडे रीत आहे. गाय तपासून झाली की घरधनीण हात धुवायला गरम पाणी घालते. छबूबाईनं तांब्या आणला, आणि साबणाची नवीन वडी. माझ्यासमोर तिचा कागद फाडला. मी खाली बसून हात पुढे केले, ती वाकून पाणी घालायला लागली, दुखऱ्या गुडघ्यावर एक हात ठेवून. मी साबण चोळत होतो आणि फेस काही पांढरा होईना.

“छबूबाई,” मी म्हणालो, “तिसऱ्या वेळी मी आलोच नव्हतो.”

पाणी पडत राहिलं. “म्हंजी?”

“त्या रविवारी मी आलो नाही. कालवड भरवलीच नाही.”

“मंग मेसेज कुनी धाडला?”

“मोबाईलनं. आपोआप जातो.”

“त्याला कुनी सांगितलं, झालं म्हनून?”

“मी.”

“कवा?”

“आदल्या संध्याकाळी. जेवताना.”

पाण्याची धार थांबली. तिनं तांब्या सरळ केला, माझ्या हातातली साबणाची वडी काढून घेतली, पदराला पुसली आणि घरात गेली. मी कोपरापर्यंत साबण लागलेले हात घेऊन गोठ्यात उभा. कालवड माझ्याकडे बघत होती. थोड्या वेळानं आतून आवाज आला, “उद्याच्याला डेरीवर या. फळा लावून घ्या सहादेवाकडनं.”

घरी आल्यावर मी ते ॲप काढून टाकलं. जाता जाता त्यानं विचारलं, ‘आम्ही कुठे कमी पडलो?’ आणि खाली पाच चांदण्या. मोबाईल हौदात टाकावासा वाटला. टाकला नाही, कारण त्यावरच लोकांचे फोन येतात. कृपाला सगळं सांगितलं. ती फक्त म्हणाली, “मी विचारलं होतं तुम्हाला.” तेवढंच, पण ते पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर किटल्या घेऊन वीस-पंचवीस माणसं उभी होती. सहादेवनं फळा दाराआडून काढून, धूळ झटकून जागेवर टांगला. छबूबाई रांगेतून पुढे आली आणि खडू माझ्या हातात दिला.

“काय लिहू?”

“झालं त्ये ल्ह्या.”

मी लिहिलं. ‘छबूबाई. कालवड. गेलो नाही.’ माझं अक्षर चांगलं आहे, मिशन शाळेतलं, लांबून वाचता येतं. सगळ्यांनी वाचलं. कुणी हसलं नाही. नगरच्या हॉलमधलं हसणं परवडलं असं मला तेव्हा वाटलं. छबूबाई म्हणाली, “एक माज आनखी बगते. मंग बाजार.” आणि किटली घेऊन काट्याकडे गेली.

त्या दिवसापासून मी दिवस मोजायला लागलो, मनातच. सकाळ-संध्याकाळ फळ्यापुढे उभा राहायचो. बाकीची नावं यायची, मी गाई भरवायचो, पुसायचो. ती एक ओळ तशीच. लोक तिच्या बाजूनं आपली नावं लिहायचे. मी ठरवलं होतं, माज आला की अर्ध्या तासात पोचायचं, दुसऱ्या दिवशी परत जाऊन बघायचं, आणि मग स्वतःच्या हातानं ती ओळ पुसायची. कंटेनरमध्ये तिच्यासाठी चांगल्या वळूची कांडी वेगळी ठेवली होती. फोन उशाशी, आवाज मोठा करून. छबूबाईच्या गोठ्यावरून जाताना गाडीचा वेग आपोआप कमी व्हायचा, पण आत जायची छाती नव्हती.

सतराव्या दिवशी सकाळी गेलो तर ओळ नव्हती.

बाहीनं फिसकटलेली नव्हती. ओल्या फडक्यानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पुसलेली. फळा तेवढ्या जागी अजून ओला होता. मी सहादेवकडे बघितलं. “कुणी पुसलं?”

त्यानं मापातलं दूध ओतत मान वर न करता सांगितलं, “ज्यानं काम केलं त्यानं. काल सकाळच्याला दिसली माजावर, सांजंला भरली. खालच्या गावचा त्यो गाई भरवनारा नवा पोरगा हाय ना, ओंकार, त्याला बलिवलं हुतं. आत्ताच येऊन पुसून गेला. म्या त्याला नियम सांगितला.”

“माझा फोन चालू होता.”

“आसंल की.”

तेवढ्यात छबूबाई आली. किटली टेकवली, कमरेला हात लावून उभी राहिली. मी पुढे झालो. वीस माणसं बघतायत हे माहीत असूनही विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवेना. “छबूबाई, मला का नाही बोलावलं?”

तिनं माझ्याकडे शांतपणे बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर, काहीच नव्हतं.

“बलिवलं हुतं की,” ती म्हणाली. “दिवाळीनंतरच्या शनवारी.”

आणि किटली उचलून ती रांगेत उभी राहिली.